रांग आणि कुंपण

माझा भाचा न्यू जर्सीत एडिसनला राहतो. दर महिन्याला एकदा तो रात्रीचं जेवण झालं की लॅपटॉप उघडतो आणि अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं एक पान बघतो. त्याचं नाव 'व्हिसा बुलेटिन'. दिसायला साधा तक्ता आहे, एसटीच्या वेळापत्रकासारखा. आडव्या ओळींत नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डांचे प्रकार आणि उभ्या रकान्यांत देश. जगातल्या बहुतेक देशांना मिळून एकच रकाना पुरतो, भारत, चीन, मेक्सिको आणि फिलिपिन्स यांना मात्र स्वतंत्र रकाने आहेत. भाच्याचं बोट भारताच्या रकान्यावरून खाली सरकतं आणि 'ईबी-2' या ओळीपाशी थांबतं. तिथे एक तारीख असते. 2025 च्या मध्यावर ती 1 जानेवारी 2013 होती. म्हणजे ज्यांच्या कंपन्यांनी त्या दिवसाआधी अर्ज केले होते, त्यांचाच नंबर लागलेला होता. भाच्याची तारीख नोव्हेंबर 2015 ची आहे.

तो 2011 मध्ये पुण्याहून एच-1बी व्हिसावर गेला, बायको आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन. मुलगी तिथेच शिकली, तिथेच वाढली. येत्या मार्चमध्ये, 2027 साली, तिला 21 वर्षं पूर्ण होतील. त्या वाढदिवसाला आमच्या घरात सगळे घाबरतात. का, ते पुढे सांगते.

5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकी हवाई दलाचं सी-17 विमान अमृतसरला उतरलं, तेव्हा मी भाच्याशी फोनवर बोलत होते. विमानात 104 भारतीय होते, हद्दपार केलेले. त्यांच्या हातात बेड्या होत्या, पायांत साखळ्या होत्या. बहुतेक जण पंजाब, हरियाणा आणि गुजरातचे, तिघे आपल्या महाराष्ट्राचे. कुणी जमीन विकून, कुणी कर्ज काढून एजंटांना लाखो रुपये दिले होते. देशोदेशी विमानं बदलत, पनामाचं जंगल पायी ओलांडत मेक्सिकोच्या हद्दीपर्यंत पोचण्याचा हा रस्ता. त्याला सगळे 'डंकी' म्हणतात. भाचा म्हणाला, "मावशी, वाईट वाटतं गं, पण आम्ही दहा वर्षं रांगेत उभे आहोत. त्यांनीही रांगेत उभं राहायला हवं होतं ना?"

त्याचं म्हणणं मला तेव्हा पटलं होतं. नंतर मी हा कायदा नीट वाचत गेले, तसतसं लक्षात येत गेलं की भाच्याची न सरकणारी रांग आणि त्या तिघांनी ओलांडलेलं कुंपण या दोन गोष्टी एकाच कायद्याने तयार केल्या आहेत. अमेरिकेत गेली चाळीस वर्षं स्थलांतराच्या सुधारणेची चर्चा चालू आहे. पैसा मात्र सगळा कुंपणावर पडतो आणि रांगेला कुणी हात लावत नाही. माझ्या मते सारा घोळ इथेच आहे.

आधी भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर देते. त्या तिघांसाठी रांग होती का? अमेरिकेत कायमचं राहायला जाण्याचे मार्ग मोजकेच आहेत. तिथे जवळचं नातं असावं लागतं, मोठं शिक्षण आणि त्यावर बोलावणारी कंपनी असावी लागते, किंवा छळामुळे आश्रय मागावा लागतो. एक सोडतही आहे, पण ज्या देशांतून आधीच पुष्कळ लोक जातात त्यांना ती बंद आहे, आणि त्यात भारत आणि मेक्सिको दोन्ही आले. राहिला बारावी झालेला, नात्यागोत्याचं तिथे कुणी नसलेला, शेतात किंवा बांधकामावर राबायला तयार असलेला माणूस. कमी कौशल्याच्या कामासाठी कायम वास्तव्याची जी कार्डं आहेत, ती साऱ्या जगाला मिळून वर्षाला 10 हजारांच्या वर देता येत नाहीत. बायकामुलंही त्यातच धरायची. एवढ्या मोठ्या देशाच्या हॉटेलांना, शेतांना, कत्तलखान्यांना, म्हाताऱ्या माणसांच्या सेवेला जितके हात लागतात, त्यांच्यापुढे हा आकडा काहीच नाही. तेव्हा "रांगेत उभं राहा" असं म्हणायला आधी रांग तर हवी.

हे असं कधीपासून झालं? 1942 ते 1964 या काळात अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात 'ब्रासेरो' नावाची योजना होती. मेक्सिकोतले शेतकरी हंगामापुरते करारावर यायचे, कॅलिफोर्निया आणि टेक्सासच्या शेतांत राबायचे आणि परत जायचे. बावीस वर्षांत सुमारे 46 लाख करार झाले. एकच माणूस वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा यायचा. मजुरांची पिळवणूक भरपूर व्हायची आणि ती योजना बंद झाली हे त्या अर्थाने योग्यच होतं. पण ती बंद करताना तिच्या जागी दुसरं काही ठेवलं नाही.

पाठोपाठ 3 ऑक्टोबर 1965 ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी नव्या कायद्यावर सही केली. आपल्यासाठी हा कायदा मोठा होता. 1946 पर्यंत भारतीयाला अमेरिकेचं नागरिक होण्याचा मार्ग जवळजवळ बंदच होता, आणि 1946 नंतर वर्षाला 100 भारतीय एवढीच मर्यादा होती. 1965 च्या कायद्याने वंशावर आधारलेले जुने कोटे मोडले. साठ-सत्तरच्या दशकात मुंबई-पुण्याचे डॉक्टर, इंजिनिअर जे तिकडे गेले आणि ज्यांनी पुढे गावोगावी महाराष्ट्र मंडळं उभी केली, ते याच दारातून आत गेले. पण त्याच कायद्याने मेक्सिकोसह सगळ्या पश्चिम गोलार्धावर पहिल्यांदा संख्येची मर्यादा घातली, आणि 1976 मध्ये मेक्सिकोच्या वाट्याला इतर कुठल्याही देशाप्रमाणे वर्षाला 20 हजार व्हिसा आले. जिथे पन्नासच्या दशकात एका वर्षात चार लाखांहून जास्त ब्रासेरो येत होते, तिथे 20 हजार! माणसं तीच, शेतं तीच, मालकही तेच. फक्त आता येणारे बहुतेक जण बेकायदा ठरले.

तरीही पुढची वीस वर्षं फारसं काही बिघडलं नाही, कारण लोक येत होते तसे परतही जात होते. हे आपल्या वाचकाला समजायला अवघड नाही. बीडचा ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन निघतो, कोल्हापूर-सांगलीच्या फडांत राबतो आणि पट्टा पडला की गावी परततो, कारण घर, म्हातारे आईबाप, जमिनीचा तुकडा गावात आहे. आता कल्पना करा, कुणी वाटेत कुंपण घातलं आणि ओलांडायला एका खेपेला लाखभर रुपये आणि जिवाची जोखीम लागू लागली. मजूर काय करेल? एकदा पार झाला की तो परत जाणारच नाही. कारखान्याजवळच झोपडी बांधेल आणि बायकामुलांनाही तिकडेच बोलावून घेईल.

अमेरिकेत हेच घडलं. प्रिन्स्टन विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी मेक्सिकोतल्या गावांत अनेक वर्षं घरोघरी विचारपूस करून हे मांडलं आहे. 1993 मध्ये एल पासो आणि 1994 मध्ये सॅन दिएगो या शहरांजवळची हद्द पोलीस आणि कुंपण लावून बंद करण्यात आली. विचार असा होता की सोपे रस्ते बंद केले की अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातून यायची कुणी हिंमत करणार नाही. लोकांनी केली, आणि त्या वाळवंटात हजारो माणसं मेली. सीमा गस्तीदलात 1992 मध्ये सुमारे 4 हजार माणसं होती, ती 2011 पर्यंत 21 हजारांच्या वर गेली. याच काळात देशात कागदपत्रांविना राहणाऱ्यांची संख्या 1990 मधल्या सुमारे 35 लाखांवरून 2007 मध्ये 1 कोटी 22 लाखांवर पोचली. याला इतर कारणंही होती, मेक्सिकोची घसरलेली अर्थव्यवस्था होती, अमेरिकेतली बांधकामाची तेजी होती. पण येणाऱ्यांपेक्षा परत न जाणारे वाढले, हा मॅसी यांचा मुद्दा मला खोडता येण्यासारखा वाटत नाही.

नुसत्या कुंपणावर भर देण्याच्या या धोरणाला अपवाद म्हणून 1986 चं नाव घ्यावं लागतं. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी सही केलेल्या कायद्यात तीन पायांवर उभा राहील असा सौदा होता: आधीपासून राहणाऱ्यांना कागदपत्रं द्यायची, बेकायदा माणसाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला शिक्षा करायची आणि सीमा आवळायची. पहिला पाय पक्का निघाला, सुमारे 27 लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला. दुसरा पाय कुजका होता. मालकाने कामगाराची कागदपत्रं पाहून एक फॉर्म भरायचा, आणि ती कागदपत्रं वरवर खरी दिसली तर मालक सुटला. झालं, खोट्या कार्डांचा धंदा फोफावला. पुढे लागणाऱ्या मजुरांनी कायदेशीर कसं यायचं याचा विचार तर त्या सौद्यात पुरेसा झालाच नव्हता. दहा वर्षांत बेकायदा लोकांची संख्या पुन्हा 50 लाखांवर गेली. तेव्हापासून आजपर्यंत अमेरिकेत कुणी "सगळ्यांना कागदपत्रं द्या" म्हटलं की समोरचा 1986 कडे बोट दाखवतो. त्यात तथ्य आहे. माणसं माफ केली, पण माणसं बेकायदा बनवणारं यंत्र तसंच चालू ठेवलं, तर वीस वर्षांनी पुन्हा माफी द्यावी लागणार.

मग 1996 चा कायदा आला. त्यातलं एक कलम मी तीनदा वाचलं, कारण असं कुणी मुद्दाम लिहिलं असेल यावर माझा विश्वास बसेना. जो माणूस परवानगीशिवाय 180 दिवसांहून जास्त राहिला आणि मग देश सोडून गेला, त्याला तीन वर्षं परत येता येत नाही. वर्षभर किंवा जास्त राहून गेला, तर दहा वर्षं. वाचताना शिक्षा वाजवी वाटते. पण शिक्षा लागते ती देश सोडल्यावर. आता एक बाई धरा, जी लहानपणी हद्द ओलांडून आली आणि पुढे तिचं अमेरिकी नागरिकाशी लग्न झालं. नवऱ्याच्या नात्याने तिला ग्रीन कार्डाचा हक्क आहे. पण ती रीतसर तपासणी होऊन देशात आलेली नाही, म्हणून तिने मायदेशी जाऊन वकिलातीत मुलाखत द्यायला हवी. आणि ती विमानात बसली की दहा वर्षांची बंदी सुरू. काहींना त्यातून सूट मागता येते, 2013 पासून ती मागण्याची सोयही थोडी सुधारली आहे, पण ती मिळेलच याची खात्री नाही. साहजिकच माणसं जातच नाहीत, आणि जो कायदा त्यांना बाहेर काढण्यासाठी केला, तोच त्यांना आत कोंडून ठेवतो. ही बंदी काढून टाकण्याचा किंवा सौम्य करण्याचा प्रस्ताव अनेक विधेयकांत येऊन गेला आहे. त्याला पैसा लागत नाही, भिंत लागत नाही, पोलीस लागत नाहीत.

असाच आणखी एक प्रस्ताव मला सगळ्यात आवडतो आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. 1929 मध्ये अमेरिकेने 'रजिस्ट्री' नावाची तरतूद केली. जो माणूस 3 जून 1921 च्या आधीपासून देशात राहतो आहे, पण त्याच्या येण्याची नोंद सापडत नाही, त्याने चांगल्या वर्तणुकीचा पुरावा देऊन नोंद करून घ्यावी आणि कायमचा रहिवासी व्हावं. इतकी सरळ गोष्ट. मागचा विचारही सरळ होता: माणूस इतकी वर्षं इथे राबला, इथे संसार केला, आता त्याला उपटून काढण्यात कुणाचंच भलं नाही. पुढे अधूनमधून काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, ही तारीख पुढे सरकवत गेली. शेवटची सरकवली 1986 मध्ये, आणि ती नेऊन ठेवली 1 जानेवारी 1972 वर. कलम आजही कायद्यात आहे, पण त्याचा फायदा घ्यायला माणूस अर्धशतकाहून जास्त काळ तिथे राहिलेला हवा. 2022 पासून आणलेल्या एका विधेयकात म्हटलं आहे की ठरावीक तारीख नकोच, सात वर्षं राहिलेल्या कुणालाही अर्ज करता यावा, म्हणजे दर पिढीला नवी माफी देण्याची वेळ येणार नाही. सात वर्षं हा आकडा मला थोडा कमी वाटतो. दहा-बारा असावा. पण तत्त्व पक्कं आहे, आणि ते अमेरिकेने स्वतःच जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी शोधलेलं आहे.

आता सीमेकडे येते. सीमेवरचा प्रश्न खोटा आहे असं मी अजिबात म्हणत नाही. डिसेंबर 2023 या एका महिन्यात दक्षिण सीमेवर सुमारे अडीच लाख माणसं पकडली गेली. टेक्सासच्या छोट्या गावांनी एवढ्या लोकांना कुठे ठेवायचं? कुठलाही देश हे दीर्घकाळ सोसू शकत नाही, आणि तिथल्या सामान्य माणसाच्या रागाला द्वेष म्हणून झटकून टाकणं चूक आहे. पण ही माणसं चोरून आत शिरत नव्हती हे समजून घेतलं पाहिजे. पूर्वीचा मेक्सिकन मजूर गस्तीला चुकवायचा. 2014 नंतर मात्र बरीच मंडळी गस्तीची गाडी शोधत यायची, हात वर करायची आणि म्हणायची, आम्हाला आश्रय हवा आहे. 1980 च्या कायद्याने तो हक्क दिलेला आहे, माणूस देशाच्या हद्दीत कुठूनही आला असो. एकदा तसं म्हटलं की त्याचं प्रकरण न्यायालयात जातं. आणि भिंत तर न्यायालयाच्या अलीकडेच संपते.

ही स्थलांतर न्यायालयं खऱ्या अर्थाने न्यायालयं नाहीत. त्यांचे न्यायाधीश न्यायखात्याचे नोकर असतात, आणि सर्वोच्च विधी अधिकारी, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल, त्यांच्या वरिष्ठ मंडळाचा निकाल स्वतःकडे मागवून फिरवू शकतो. समोरच्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, लहान मुलालासुद्धा नाही. 2012 मध्ये या न्यायालयांत सुमारे सव्वातीन लाख प्रकरणं पडून होती, 2024 च्या अखेरीस ती 37 लाखांच्या आसपास गेली. न्यायाधीश सातशेच्या घरात. भागाकार तुम्हीच करून पाहा. एका न्यायाधीशाच्या टेबलावर पाच हजारांहून जास्त माणसांचं आयुष्य.

म्हणून निकालाला चार-पाच वर्षं लागतात. आश्रयाचा अर्ज केल्यावर 180 दिवसांनी कामाचा परवाना मिळू शकतो. ज्याचं प्रकरण खरं आहे, ज्याला मायदेशी खरोखर मारतील, तो पाच वर्षं टांगणीला लागतो. ज्याचं प्रकरण कच्चं आहे, त्याला तीच पाच वर्षं कमाईची मिळतात. डंकीचा एजंट नेमकं हेच विकतो. ही विक्री कुंपणाने थांबत नाही, लवकर मिळणाऱ्या निकालाने थांबते. सहा महिन्यांत खऱ्याला कागद आणि खोट्याला परतीचं तिकीट मिळू लागलं, तर गुजरात-पंजाबच्या गावातला बाप एजंटाला जमीन लिहून देणार नाही.

या दुरुस्तीचा आराखडा तयार आहे. डोरिस माइसनर या 1993 ते 2000 या काळात अमेरिकेच्या स्थलांतर खात्याच्या प्रमुख होत्या. त्यांनी आणि त्यांच्या संशोधन संस्थेतल्या सहकाऱ्यांनी सुचवलं की सीमेवरची आश्रयाची प्रकरणं आधी न्यायाधीशाकडे नेऊच नका. आश्रय अधिकारी नावाचे प्रशिक्षित लोक आहेत, त्यांनी मुलाखत घेऊन निर्णय द्यावा आणि फक्त अपील न्यायाधीशाकडे जावं. 2022 मध्ये सरकारने हे छोट्या प्रमाणात सुरूही केलं, पण पुरेशी माणसं नव्हती. याच्या जोडीला न्यायालयं न्यायखात्याबाहेर काढून स्वतंत्र करावीत, अशी मागणी न्यायाधीशांची संघटना आणि वकिलांच्या संस्था कित्येक वर्षं करत आल्या आहेत.

आणि स्थलांतराच्या कायद्याची एकूण सुधारणा दोनदा अगदी दारापर्यंत आली होती. 27 जून 2013 ला आठ सिनेटरांनी, चार या पक्षाचे आणि चार त्या पक्षाचे, मिळून लिहिलेलं विधेयक सिनेटने 68 विरुद्ध 32 मतांनी मंजूर केलं. त्यात बेकायदा राहणाऱ्यांना दंड, कर आणि पार्श्वभूमीची तपासणी या वाटेने तेरा वर्षांनी नागरिकत्व होतं. सीमेवर गस्तीदल जवळपास दुप्पट करायचं होतं. प्रत्येक मालकाला 'ई-व्हेरिफाय' ही संगणकी तपासणी सक्तीची होती. आणि नोकरीवरच्या ग्रीन कार्डांवरची देशवार मर्यादा रद्द होणार होती. भाच्याला तेव्हा अमेरिकेत जाऊन दोनच वर्षं झाली होती. त्याने फोनवर सांगितलं होतं, "दोन-तीन वर्षांत आपलं काम होईल." प्रतिनिधीगृहाचे सभापती जॉन बेनर यांनी ते विधेयक मतदानालाच घेतलं नाही.

दुसरी वेळ फेब्रुवारी 2024 ची. ओक्लाहोमाचे जेम्स लँकफर्ड हे कडवे रिपब्लिकन, कनेटिकटचे ख्रिस मर्फी हे डेमोक्रॅट आणि अ‍ॅरिझोनाच्या अपक्ष कर्स्टन सिनेमा या तिघांनी चार महिने बसून तडजोड केली. आश्रयाची चाळणी कडक करायची, निकाल काही महिन्यांत लावायचे, त्यासाठी हजारो आश्रय अधिकारी नेमायचे, आणि आठवडाभर रोज सरासरी 5 हजार माणसं आली तर सीमा बंद करायची. सोबत पाच वर्षं दरवर्षी 50 हजार जादा व्हिसा, आणि एच-1बी वाल्यांच्या मुलांना वयाच्या 21 नंतरही आईबापांबरोबर रांगेत राहू देण्याची तरतूद. ते विधेयक अपुरं होतं, आधीपासून राहणाऱ्या लाखोंसाठी त्यात काहीच नव्हतं, आणि सीमा बंद करण्याचा अधिकार मला जरा जास्तच वाटला. तरी अनेक वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी न्यायालयाच्या आणि रांगेच्या दुरुस्तीला खरा पैसा देत होतं. निवडणुकीचं वर्ष होतं, डोनाल्ड ट्रम्प यांनी विरोध केला, आणि 7 फेब्रुवारीला ते 49 विरुद्ध 50 मतांवर अडकलं.

20 जानेवारी 2025 ला ट्रम्प यांचं नवं सरकार आलं आणि सीमेवर आश्रय मागण्याची वाट जवळजवळ बंद झाली. पकडल्या जाणाऱ्यांची संख्या महिन्याला दहा हजारांच्या खाली आली. हे यश आहे, ते मान्य करायला हवं. पण 4 जुलै 2025 च्या खर्चाच्या कायद्यात पैसा कुठे गेला ते बघा: भिंतीला 46.5 अब्ज डॉलर, कोठडी केंद्रांना 45 अब्ज डॉलर. स्थलांतर न्यायाधीशांच्या संख्येवर मात्र त्याच कायद्याने मर्यादा घातली, नोव्हेंबर 2028 पासून 800 च्या वर नाही. एवढी लाखो प्रकरणं समोर असताना न्यायाधीशांना कमाल मर्यादा! मला याचा अर्थ लावता येत नाही. आज दार लावलं आहे म्हणून शांतता आहे. उद्या सरकार बदललं किंवा एखाद्या देशात आग लागली, तर तीच माणसं त्याच टेबलांपुढे येऊन उभी राहणार.

ई-व्हेरिफायबद्दल माझं मत बऱ्याच उदारमतवादी मंडळींना आवडत नाही. ते सक्तीचं व्हायला हवं असं मला वाटतं. लोक कामासाठी येतात. काम देणाऱ्याला मोकळं सोडून कामाला येणाऱ्याच्या हातात बेड्या घालणं अन्याय्य आहे. पण ते एकटं आणलं तर शेतीच कोसळेल. तिथल्या शेतांत पिकांवर राबणाऱ्या मजुरांपैकी साधारण 40 टक्के कागदपत्रांविना आहेत. हंगामी शेतमजुरांसाठी 'एच-2ए' व्हिसा आहे, त्यावर संख्येची मर्यादाही नाही, पण तो हंगामापुरताच. दूधवाला काय करेल? गाय बारा महिने, दिवसातून दोन-तीनदा पिळावी लागते. तिला हंगाम नाही. म्हणून विस्कॉन्सिनच्या मोठ्या गोठ्यांत पहाटे चारला जी माणसं धारा काढतात, त्यांच्यासाठी कायद्यात कामाचा व्हिसाच नाही. शेतमजुरांना आधी दर्जा आणि मग ई-व्हेरिफाय, असा क्रम असलेलं विधेयक प्रतिनिधीगृहाने 2019 आणि 2021 मध्ये मंजूर केलं होतं. सिनेटमध्ये ते अडलं.

राहिली भाच्याची रांग. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला 1 लाख 40 हजार. हा आकडा 1990 मध्ये ठरला आणि तिथेच राहिला. त्यातला ईबी-2 चा वाटा सुमारे 40 हजार, आणि कुठल्याही एका देशाला त्याच्या 7 टक्के, म्हणजे साधारण 2,800. चार लाखांहून कमी वस्तीच्या आइसलँडला तेवढीच मर्यादा, 140 कोटींच्या भारतालाही तेवढीच. बायकामुलं त्यातच मोजायची. इतर देशांकडून उरलेली कार्डं आली तर आकडा थोडा वाढतो. केटो इन्स्टिट्यूट या संस्थेच्या 2023 च्या अभ्यासानुसार नोकरीच्या रांगेत 18 लाख अर्ज होते, त्यांतले सुमारे 11 लाख भारतीयांचे. नव्याने उभ्या राहणाऱ्या भारतीयाचा नंबर त्याच्या हयातीत लागणार नाही.

सगळ्यांना वाटतं त्यापेक्षा यातली दुरुस्ती सोपी आहे. देशवार 7 टक्क्यांची अट काढा किंवा वाढवा. प्रतिनिधीगृहाने जुलै 2019 मध्ये ती काढण्याचं विधेयक 365 विरुद्ध 65 मतांनी मंजूर केलं होतं. 2025 मध्ये मारिया सालाझार आणि व्हेरोनिका एस्कोबार या दोन विरुद्ध पक्षांच्या सदस्यांनी आणलेल्या 'डिग्निटी' विधेयकात ती 15 टक्के करायचं सुचवलं आहे. फक्त अट काढली तर भारतीय सरकतील आणि नायजेरियाची नर्स, ब्राझीलचा डॉक्टर मागे ढकलले जातील, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून बायकामुलांना मोजणीतून वगळणं आणि वाया गेलेली कार्डं परत वापरात आणणं हे त्याच्या जोडीला हवंच. 2021 या आर्थिक वर्षात कचेऱ्यांना वेळेत काम उरकता न आल्यामुळे नोकरीची सुमारे 66 हजार कार्डं रद्द झाली. लाखो लोक वाट बघत असताना 66 हजार कार्डं गेली!

आपल्या लोकांबद्दलही एक गोष्ट बोलायला हवी. एच-1बीचा गैरवापर झाला आहे. कमी पगारावर माणसं पाठवणाऱ्या कंपन्यांनी सोडतीत ढिगाने अर्ज टाकले, आणि 2015 मध्ये फ्लोरिडातल्या एका बड्या कंपनीच्या अमेरिकी कर्मचाऱ्यांना आपल्या जागी येणाऱ्यांना शिकवून मग घरी जावं लागलं. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या अर्जावर 1 लाख डॉलर शुल्क लावलं गेलं, रुपयांत सुमारे 88 लाख. त्याने बड्या कंपन्या तरतील आणि गावातली रुग्णालयं, शाळा मरतील. त्यापेक्षा सोडतीऐवजी जास्त पगाराला आधी व्हिसा, आणि कामगाराला मालक सहज बदलता येणं, हे उपाय जास्त नेमके आहेत. माणूस मालकाला बांधलेला असतो तोवरच तो स्वस्त पडतो. भाच्याच्या पहिल्या कंपनीने त्याला सहा वर्षं एकाच पदावर ठेवलं, कारण तो कुठेही जाऊ शकणार नाही हे त्यांना माहीत होतं.

आणि त्याची मुलगी. एच-1बी वाल्याचं मूल 'एच-4' व्हिसावर असतं, आणि तो व्हिसा 21 व्या वाढदिवशी संपतो. बापाच्या रांगेतलं तिचं स्थानही त्याबरोबर जवळजवळ निश्चितच जातं. ओबामांच्या काळात 2012 मध्ये लहानपणी आलेल्या मुलांना संरक्षण मिळालं, पण त्याची अट होती की तुमच्याकडे वैध व्हिसा नसावा. आईबापांनी नियम पाळले, म्हणून ही मुलं त्यातून वगळली गेली. अशी सुमारे अडीच लाख मुलं आहेत, आणि त्यांच्यासाठीची विधेयकं दर काँग्रेसमध्ये येतात आणि पडून राहतात.

तिला आता विद्यार्थी व्हिसावर जायचं आहे. त्या अर्जात दाखवावं लागतं की आपलं घर परदेशात आहे, ते सोडण्याचा विचार नाही, आणि शिक्षण संपलं की आपण तिथे परत जाऊ. मागच्या रविवारी ती आजीशी, माझ्या बहिणीशी, व्हिडिओवर बोलत होती. मी शेजारीच बसले होते. तिचं मराठी चांगलं आहे, फक्त 'ळ' जरा अडखळतो. तिने फॉर्म समोर ठेवला होता आणि पेन हातात घेतलं होतं. म्हणाली, "आजी, आपल्या कोथरूडच्या घराचा पूर्ण पत्ता सांग ना. सोसायटीचं नाव इंग्लिशमध्ये कसं लिहायचं? आणि पिनकोड?" बहिणीने सावकाश एकेक आकडा सांगितला, तिने लिहून घेतला आणि बरोबर आहे ना म्हणून पुन्हा वाचून दाखवला.